लोण्याचे तीन ठिपके

चैत १४, फोर्त्से

परवा निघायचं. सामान बांधून झालं आहे, दोन्ही याक माझ्यावर नाराज आहेत, आणि ल्हामूने आज मला पुरतं चक्रावून टाकलं.

मी चुलीपाशी बसून बुटांना तेल लावत होतो. ही आतून आली ती घरच्या दारूचं, छांगचं मोठं भांडं घेऊन, आणि भांड्याच्या काठाला लोण्याचे तीन ठिपके! असं भांडं घेऊन माणूस दुसऱ्याच्या दारात जातो ते काही मागायचं असलं की. समोरच्याने घोट घेतला की त्याला नाही म्हणायची सोय उरत नाही. ल्हामूचा हात मागायला माझे बाबा असंच भांडं घेऊन गेले होते. तिचे वडील तीन पेले रिचवून बसले आणि मग म्हणाले, "अरे, आधी सांगायचं तरी!" पण बायकोने नवऱ्यापुढे लोण्याचं भांडं ठेवलेलं मी आजवर पाहिलं नाही.

"काय गं, काय हवंय? छपराला नवा पत्रा?"

"आधी पी."

प्यालो. आमच्याकडे एकावर भागत नाही, तीन झाले. ल्हामू छांगमध्ये जवाबरोबर थोडा गहू घालते, त्याला एक वेगळीच गोडी येते. मग म्हटलं, "हं, बोल आता. अडकलो मी."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग विस्तवाकडे. "काही नाही. सुखरूप ये."

"मग लोणी?"

"लागलं चुकून."

तीन ठिपके, तेही सारख्या अंतरावर, चुकून! मी हसलो, पुन्हा गाणं म्हणत बुटांना लागलो. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. हे गाव बायकांच्या मागण्यांनी वाकलेल्या नवऱ्यांनी भरलंय आणि माझी बायको भांडं आणूनसुद्धा काही मागत नाही. अशी बायको दिल्याबद्दल देवीचे आभार मानून झोपतो.

चैत १५, फोर्त्से

कामीदादा दिदीला घेऊन आला. कामीदादा म्हणजे ल्हामूचा थोरला भाऊ आणि आमच्या मोहिमेचा सरदार. गिऱ्हाइकं, दोर, ऑक्सिजनच्या बाटल्या, कोण कधी वर जाणार, सगळं त्याच्या शब्दाने चालतं. दिदी म्हणजे इनेस, चिली देशाची. तिकडे न्यायाधीश होती, आता निवृत्त. मागच्या शरदात मनास्लू शिखरावर आमच्याबरोबर होती. निघताना तिनेच मला ही वही दिली आणि रोज थोडं तरी लिहायचं असं बजावलं. परदेशी लोकांना वह्यांचा भारी सोस. पण मला आता लिहायची गोडी लागली आहे, तेव्हा तिचेही आभार.

यंदा ती सगरमाथ्यासाठी आली आहे, परदेशी लोक त्याला एव्हरेस्ट म्हणतात. तिला शिखरावर मी नेणार. गेली काही वर्षं मी त्याहून लहान डोंगरांवरच गिऱ्हाइकं नेतोय. सगरमाथ्याच्या माथ्यावर उभं राहून बराच काळ लोटला. आणखी एकदा ती जागा बघायची आहे. का, ते मला नीट सांगता येत नाही. तिथून आमचं शेत दिसत नाही, पण कुठल्या घडीमागे आहे ते कळतं.

जेवणाआधी ल्हामूने मला परसातल्या खड्ड्यातून बटाटे काढायला पिटाळलं. घरात टोपलीभर बटाटे असताना! परत आलो तर तिघं चुलीभोवती गप्प. दिदीच्या हातात पेला, डोळे लाल.

"काय झालं?"

"धूर," कामीदादा म्हणाला.

दिदीने तिसरा पेला एका दमात संपवला. पाहुण्याने नाही म्हणणं बरं दिसत नाही हे मीच तिला मनास्लूला शिकवलं होतं. चांगली शिष्या आहे. मग ल्हामूने बटाटे किसून तव्यावर रिकीकुर थापलं, वर याकचं लोणी. दिदी म्हणाली, तिच्या आईच्या हातचं असंच काहीसं लागायचं.

वैशाख २, बेसकॅम्प

आज पूजा झाली. दगडांचा लहाप्सो, पूजेचा ओटा रचला, पताका लावल्या, धुपीच्या फांद्या पेटवल्या. बर्फावर पाऊल टाकण्याआधी देवीची परवानगी घ्यायची आणि सगळे परत येईपर्यंत तो धूर मरू द्यायचा नाही. खाली गावात बायकाही घरात तेच करतात. मणिराज राई, आमचा स्वयंपाकी, मूळचा पूर्वेकडचा, त्याचे देव वेगळे, पण पीठ उधळायला सगळ्यांत पुढे. माझ्या दाढीत अजून सातू आहे.

पूजा संपल्यावर लामांनी मला बाजूला घेतलं. आमच्याच गावचे आहेत, मला लहानपणापासून ओळखतात.

"तेंडी, तू सापाच्या वर्षातला. यंदा बर्फाच्या वर तुझे ग्रह बरे नाहीत."

"मागच्या वेळी तर उत्तम आहेत म्हणालात!"

"तेव्हा होते."

"कधी सुधारतील?"

लामांनी आकाशाकडे पाहिलं, मग मणिराजच्या तंबूकडे. "बघू," म्हणाले.

लामांच्या तोंडाला छांगचा वास येत होता. वाईट वाटलं, पण चालायचंच, थंडी आहे. मणिराजच्या तंबूत छांगचा एक निळा कॅन आहे, झाकणाच्या कडेला लोणी लागलेलं. मीही एक पेला घेतला. चव ओळखीची वाटली. थोडा गहू घातलेली छांग दुसरंही कुणी करतं हे मला माहीत नव्हतं. ल्हामूला सांगायला हवं, तिला वाटतं ती एकटीच शहाणी.

वैशाख ८, बेसकॅम्प

माझे क्रॅम्पॉन हरवले. बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे, दोन्ही. काल रात्री तंबूच्या दाराशी होते. असली वस्तू कुणी चोरत नाही, ज्याच्या पायाची त्याच्याच पायाला बसते. मणिराज बिचारा सगळ्यांत जास्त धावला. दगड उलटे करून पाहिले, मला दोनदा चहा दिला, शेवटी म्हणाला, "तेंडीभाऊ, देवीलाच नको असेल."

"देवीला लोखंड कशाला लागतंय?"

"तेही खरं," म्हणाला आणि कांदा चिरायला लागला.

कामीदादाकडे गेलो. दुसरी जोडी? कॅम्प दोनला पाठवली आहे म्हणाला. मग कॅम्प दोनला जायचं कसं? तो म्हणाला, "दाजी, तुम्ही वडीलधारे. खाली कुणीतरी जाणतं माणूस हवंच. उद्याची सरावाची फेरी मी करतो दिदीबरोबर."

वडीलधारे! हा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मला राग आला आणि तो मी गिळला, कारण मेहुण्याशी भांडण म्हणजे घरी दोन आघाड्या.

वैशाख १७, बेसकॅम्प

दिदी पहिल्या फेरीहून परत आली, चेहरा उन्हाने भाजलेला, तब्येत ठणठणीत. दुपारभर कॉलब्रेक खेळलो. मी, दिदी, कामीदादा, मणिराज. चौघांत पत्ते वाटून घ्यायचे, किती हात करणार ते आधी बोलायचं, इस्पिक हुकूम. दिदी रडीचा डाव खेळू देत नाही. मणिराजने टाकलेला पत्ता परत उचलला तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पत्ता ठेवला, शिवाय माफीही मागितली.

तिची एक खोड आहे. मध्येच मला विचारते, "तेंडी, चौकटचा राजा गेला का? कुणी टाकला?" दुसऱ्या कुणाला विचारत नाही. मी कधी सांगतो, कधी चुकतो. चुकलो की ती हसत नाही.

संध्याकाळी तिला दोर तपासून देत होतो. दोराला अडकवून वर सरकवायचं ते यंत्र, दात असतात त्याला, आयुष्यभर हातात आहे, त्याचं नाव काही केल्या येईना. "ते द्या," म्हटलं. दिदीने दिलं, पण माझ्याकडे बघत राहिली. आत्ताही येत नाही. सकाळी येईल. उंचीवर असं सगळ्यांचंच होतं.

डाव्या हाताची बोटं थंडीत बधिर होतात. मनास्लूला वाऱ्याने हातमोजा उडवला तेव्हापासूनचं आहे.

वैशाख २६, बेसकॅम्प

लिहू नये असं वाटतंय, पण दिदीनेच सांगितलंय रोज लिही, मग लिहितो. तिचंच लिहितो.

आज सकाळी तिने मला बोलावलं आणि सांगितलं, "तेंडी, शिखरावर मी कामीबरोबर जाणार."

मला आधी वाटलं, आम्ही तिघं. म्हटलं, बरंच झालं. ती म्हणाली, "नाही. तू इथे थांबायचं."

"माझं काही चुकलं का दिदी?"

"नाही."

"मग?"

न्यायाधीश होती ना, तोंड बंद ठेवायची सवय. शेवटी म्हणाली, "मी शब्द दिला आहे." कुणाला, ते सांगेना.

कामीदादालाच दिला असणार. म्हणजे सगळं त्याचंच. लामांचे ग्रह, माझे काटे, ती फेरी. त्याला शिखर हवंय. हवंय तर हवंय, मागायचं होतंस! छांगचं भांडं आणून माझ्यापुढे ठेवायचं होतंस, मी प्यालो असतो आणि दिलं असतं. बहिणीच्या नवऱ्याला असं पायाखालून कापायचं?

ल्हामूला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जेवलास का?" म्हटलं, तुझ्या भावाने माझा घात केला. ती म्हणाली, "मणिराजला म्हणावं, रात्री लसणाचं सूप कर." इतकंच. तिच्या मनाचं मला कधी कळलेलं नाही.

जेठ १, बेसकॅम्प

हवा उघडली. निरोप आला की पुढचे काही दिवस वारा पडेल. सगळ्या कॅम्पात धावपळ. आम्ही कॉलब्रेकच्या शेवटच्या डावात होतो, दिदी पिछाडीवर. तिने आपले पत्ते टेबलावर पालथे ठेवले, त्यावर बिस्किटांचा डबा ठेवला आणि हुकूम काढला, "मी परत येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. हा डाव पुरा करायचा आहे." आम्हीही आपापले पत्ते पालथे घातले.

संध्याकाळी मणिराजने मला तांदूळ काढायला सांगितलं नव्हतं, मी आपला रिकामा म्हणून गेलो. पोत्याच्या तळाशी हात घातला तर बोटाला काटा लागला. माझे क्रॅम्पॉन. फडक्यात नीट गुंडाळलेले, तेलही लावलेलं.

मणिराज दारात उभा. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे.

"प्यालोय मी, तेंडीभाऊ," तो म्हणाला. रडवेला झाला होता. "प्यालो आधी आणि कळलं नंतर. आता काय करू?"

"कुणाची प्यालास?"

"तुमच्या घरची."

क्रॅम्पॉन हातात घेऊनच कामीदादाच्या तंबूत शिरलो. तो बाटल्यांची तोंडं तपासत होता. माझ्या हातात काय आहे ते बघितलं आणि म्हणाला, "बसा दाजी."

"बसत नाही. ल्हामूने काय मागितलं?"

"तुम्हाला बर्फाच्या वर जाऊ द्यायचं नाही."

"का?"

त्याने बाटली खाली ठेवली. "मनास्लूचं तुम्हाला काय आठवतं?"

म्हटलं, शिखर आठवतं. दिदीचा फोटो मी काढला. हातमोजा उडाला. कॅम्पात चहा घेतला.

"हातमोजा उडाला नाही. तुम्ही काढलात. शिखरावरून खाली येताना तुम्ही बर्फात बसलात, दोन्ही हातमोजे काढून शेजारी नीट ठेवलेत, आणि मला म्हणालात, बाबा, बटाटे लावून झाले का?"

मी डाव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं.

"ओढलं तुम्हाला. शिव्या दिल्या. दिदीने तुमचा हात आपल्या अंगरख्यात घालून धरला. मी रडलो सुद्धा, खोटं कशाला सांगू. तुम्ही हलायला तयार नाही. शेवटी म्हटलं, दाजी, ल्हामू खाली छांग घेऊन उभी आहे. तसे उठलात आणि चालायला लागलात. कॅम्पापर्यंत विचारत होतात, कुठे आहे, कुठे आहे."

"मोहिमेच्या कंपनीला काय सांगितलंस?"

"हातमोजा उडाला."

"आणि मला?"

"तुम्हीच विचारलंत, मोजा कुठे गेला. म्हटलं, वारा. नंतर ल्हामूला खरं सांगितलं. तुम्हाला सांगून काय होणार होतं? खोटं आहे म्हणाला असतात आणि हट्टाने दोनदा चढला असतात."

हे मात्र खरं. मी बसलो.

"लामांना?"

"भांडं."

"मणिराजला?"

"अख्खा कॅन."

"दिदीला?"

"तिला तर काही द्यायची गरजच नव्हती, पण ल्हामू म्हणाली रीत म्हणजे रीत." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्हालाही आणलं होतं ना तिने? मला म्हणाली, दादा, तो बुटांना तेल लावत गाणं म्हणत होता. त्याच्या तोंडाकडे बघून मला मागवेना."

बाहेर कुणीतरी हसत होतं. उठताना कामीदादा म्हणाला, "काटे तुमच्या हातात आहेत. आता मी अडवणार नाही, मला खोटं बोलून कंटाळा आला. पण दाजी, दुसऱ्यांदा तुम्हाला उतरवणं मला जमेल का, माहीत नाही. माझंही वय झालं."

जेठ २

सगळ्या गावाला माहीत. याकांना सुद्धा माहीत असेल. मी एकटाच सातू लावून नाचत होतो. आज कुणाशी बोललो नाही. मणिराजने चहा तंबूबाहेर ठेवला, तो थंड झाला.

जेठ ३, बेसकॅम्प

पहाटे क्रॅम्पॉन बांधले आणि आइसफॉलच्या, त्या फुटक्या हिमनदीच्या तोंडाशी गेलो. कुणी अडवलं नाही. भेगेवरची पहिली शिडी दिसत होती. तिथे उभा राहून मनास्लूहून खाली यायची वाट मनात उतरायला लागलो, शिखरापासून. शिखर, दिदीचा फोटो, उतरणीचा पहिला दोर. आणि मग कॅम्पातला चहा. मधलं काही नाही. पुन्हा शिखरापासून निघालो. पुन्हा चहा. आयुष्यभर दोराने बांधून माणसं उतरवली, आणि माझ्याच एका दुपारपर्यंत मला पोचता येईना.

मी घाबरलो. लिहायला लाज वाटत नाही. ल्हामूला ती दुपार ठाऊक आहे आणि मला नाही. त्या दुपारबरोबर ती सगळा हिवाळा एकटी राहिली आणि मला बटाटे वाढत राहिली.

काटे सोडले. परत येऊन कामीदादाच्या गळ्यात निरोपाचा पांढरा रेशमी खाता घातला. दिदीच्याही. म्हटलं, "दिदी, धूर मी सांभाळतो." तिने माझा डावा हात दोन्ही हातांत धरला. मग तो हात सोडून म्हणाली, "आणि पत्त्यांना हात लावायचा नाही!"

त्यांचे दिवे शिड्यांवरून वर जाताना पाहिले. हे दृश्य मी आजवर कधी खालून पाहिलं नव्हतं, फेरीच्या वेळी रुसून तंबूतच पडलो होतो.

जेठ ७, बेसकॅम्प

हे सगळं आजच लिहून ठेवायचं आहे.

सकाळी दिदी आणि कामीदादा माथ्यावर पोचले. वॉकीटॉकीवर दिदीचा श्वास आणि कामीदादाचं "दाजी, पोचलो!" मणिराजने पातेलं वाजवलं. मी लहाप्सोपाशी बसून धुपी घालत होतो. पुढचं उतरणं. मग वॉकी गप्प झाला.

वरच्या धारेवर वाऱ्याने उडवलेल्या बर्फाचा पिसारा दिसायला लागला. मी हाक मारत राहिलो, उत्तर नाही. वर असतो तेव्हा माणसाला काम असतं, पाऊल टाकायचं, दोर बदलायचा. खाली नुसतं बसायचं. हाताला काम म्हणून एक फांदी.

ल्हामूचा फोन आला. "धूप जळतोय ना?"

"जळतोय."

"ओली फांदी एकदम घालू नकोस, धूर कोंदतो. आणि खाली काहीतरी जाड घेऊन बस. दुपारनंतर कंबर धरते."

तिला कसं माहीत, असं विचारणार होतो. मग उमगलं. आमचं लग्न झाल्यापासूनचा प्रत्येक वसंत आणि प्रत्येक शरद. मी वर कुठल्या कुठल्या टोकावर गिऱ्हाइकांचे फोटो काढत होतो तेव्हा ही अशीच बसलेली. मी परत गेलो की विचारायचो, काय केलंस इतके दिवस? ती म्हणायची, काही नाही. मी घोंगडी आणली आणि तिच्यावर बसून रडलो. मणिराजने तोंड फिरवून कांदा चिरला. आज कांद्याची भाजी नव्हती.

मग कामीदादाचा आवाज. "दाजी, ही बसली."

"कुठे?"

"शिखराच्या खांद्याखाली, दोरापाशी. बाटली ठीक आहे, पाय ठीक आहेत, उठत नाही. जोर करून पाहिलं. वारा वाढतोय."

मनास्लूला मी असाच बसलो होतो. "वॉकी तिच्या कानाला लाव."

"तेंडी," दिदी म्हणाली. आवाज अगदी आनंदी, गोड. त्यानेच मला जास्त भीती वाटली. "इथे छान ऊन आहे. मी जरा बसते."

वर ऊन नव्हतं. मला इथून ढग दिसत होता.

हिच्यासाठी खाली कोण उभं आहे म्हणून सांगायचं? नवरा गेलेला, मुलं परदेशी. आणि एकदम मला बिस्किटांचा डबा आठवला.

"दिदी, एक सांगायचं होतं. मी डबा उचलला."

"काय?"

"तुमचे पत्ते बघितले. इस्पिकचा एक्का आहे तुमच्याकडे. माझं मी आता ठरवून ठेवलंय, कसं हरवायचं तुम्हाला."

"तू," दिदी म्हणाली, "तू माझे पत्ते पाहिलेस?"

"सगळे. मणिराजलाही दाखवले."

"लबाडा! थांब तिथे! हात लावू नकोस! मी येते आहे!" पुढचं तिच्या भाषेत होतं, बरंच लांब. मला समजलं नाही, पण मणिराज म्हणाला, शिव्या सगळीकडे सारख्याच ऐकू येतात.

थोड्या वेळाने कामीदादा म्हणाला, "दाजी, काय सांगितलंत हिला? दोर बदलायला सुद्धा थांबत नाहीये. मला मागे टाकलं!"

संध्याकाळी ते खालच्या कॅम्पात पोचले. मी धुपीची एक मोठी फांदी घातली, सुकी. आज मला कुणाकुणाचे आभार मानायचे आहेत ते सुचत नाही, इतकी माणसं आहेत. देवीपासून सुरुवात केली आणि मणिराजपर्यंत येऊन झोप लागते आहे.

जेठ ९, बेसकॅम्प

दिदी आइसफॉल उतरून आली ती बूट न काढता थेट जेवणाच्या तंबूत. डबा उचलला. पत्ते हातात घेतले. आम्ही तिघं शाळेतल्या पोरांसारखे उभे.

"इस्पिकचा एक्का," ती म्हणाली. "माझ्याकडे नव्हताच."

"माझ्याकडे होता," मणिराज हळूच म्हणाला.

"त्या रात्री तंबूत पडल्यावर ध्यानात आलं. एक्का माझ्याकडे नाही, मग यानं पाहिलं काय?" तिने माझ्याकडे पाहिलं. "तू खोटं बोललास."

"हो."

"शपथेवर?"

"शपथ कुठे घेतली होती?"

ती हसायला लागली, मग तोंड झाकून बसली, मग कामीदादाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग आम्ही डाव पुरा केला. तिने आम्हा सगळ्यांना हरवलं आणि एकालाही दया दाखवली नाही. कामीदादा पत्ते गोळा करताना मला म्हणाला, "त्या जुमारचा एक दात झिजलाय, बघा जरा." जुमार! ते दोराचं यंत्र. मी ते इथे लिहून ठेवतोय, उद्या पुन्हा निसटलं तर.

जेठ १६, फोर्त्से

बटाट्यांना कोंब आले आहेत. गावाच्या वेशीवर पोचलो, पण घरी गेलो नाही. आधी लामांकडे गेलो. त्यांच्याकडून छांगचं एक भांडं मागून घेतलं. त्यांनी विचारलं, "कशाला?" म्हटलं, "ग्रह सुधारायला." लामा खूप हसले आणि लोणी त्यांनीच काढून दिलं. ठिपके मी लावले. माझे ल्हामूसारखे सारख्या अंतरावर आले नाहीत.

घरात शिरलो. ती चुलीपाशी होती. मला पाहिलं, पायापासून वरपर्यंत, बोटं मोजल्यासारखी. मग भांडं पाहिलं.

"हे काय?"

"आधी पी."

"छपराचा पत्रा?" ती म्हणाली. पण पेल्याला हात लावेना.

"पी गं."

तिने पेला घेतला. मी पुन्हा भरला. पुन्हा घेतला. तिसरा तिने हळूहळू संपवला, माझ्याकडे बघत, आणि पेला उपडा ठेवला. मी समोर जमिनीवर बसलो, परक्याने बसावं तसा.

"माझं मागणं आहे," म्हटलं. "पुढच्या वसंतात मी बुटांना तेल लावायला बसेन. गाणंही म्हणेन. गोड बोलेन, शब्द देईन, कामीदादाला मधे घालीन. तू माझ्या तोंडाकडे बघू नकोस. मला बर्फाच्या वर जाऊ देऊ नकोस. दुसऱ्या कुणाकडे भांडं नेऊ नकोस ल्हामू, तूच अडव."

तिने पदराने डोळे पुसले, मग तोच पदर माझ्या तोंडावरून फिरवला, दाढीत अजून पूजेचं पीठ असल्यासारखा.

"पिऊन बसले ना मी आता," ती म्हणाली. "नाही कशी म्हणू?"